‘कडेने जा’ म्हणण्याआधी

आमच्या वस्तीतल्या सिमेंट रस्त्याला एक फट आहे. काँक्रीट संपतं आणि कडेचे गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक, सुरू होतात, तिथे रस्त्याच्या लांबीला समांतर गेलेली. कुठे दोन बोटं रुंद, कुठे तीन. स्कूटरच्या जाड टायरला ती जाणवतसुद्धा नाही. सायकलचं चाक मात्र तिच्यात बरोब्बर बसतं. मागच्या जुलैत भुरभुर पाऊस चालू असताना माझ्या मुलीचं पुढचं चाक त्या फटीत गेलं, हँडल वळेना, आणि सातवीतली पोर दप्तरासकट आडवी झाली. डावीकडे पडली म्हणून कोपर आणि गुडघ्यावर निभावलं. उजवीकडे पडली असती तर मागून येणारा टेम्पो दोन हातांवर होता.

ती त्या फटीला चिकटून का चालली होती? कारण मीच तिला रोज निघताना बजावत होते, "कडेने जा गं, अगदी कडेने."

नागपुरातली प्रत्येक आई, प्रत्येक बाबा सायकलवर निघालेल्या मुलाला हेच सांगतो. मायेनेच सांगतो. पण रस्त्याची कड म्हणजे काय असतं, ते एकदा सायकलवर बसून बघावं. फट असते. वर आलेली किंवा खाली खचलेली चेंबरची झाकणं असतात. बांधकामाची सांडलेली रेती असते, आणि रेतीवर ब्रेक लावला की चाक घसरतंच. उभ्या कारचं दार अचानक उघडतं. राँग साइडने येणारा दुचाकीवाला कडेनेच येतो. मुलगा या सगळ्यातून वाट काढत मधूनच उजवीकडे सरकतो, आणि मागच्याला वाटतं, पोरगं एकदम आडवं आलं. सायकलची जागा कडेपासून निदान हातभर आत, सरळ रेषेत असते. तिथे चालणारी सायकल मागच्याला लांबून दिसते, ती कुठे जाणार हे कळतं, आणि तिला ओलांडायचं तर त्याला ठरवून बाजूने जावं लागतं.

हे मला कळलं तेव्हा दुसरीही गोष्ट कळली. हातभर आत चालवणं सुरक्षित कधी? मागून येणारा सावकाश येत असेल तेव्हाच. म्हणजे माझ्या मुलीची सुरक्षितता तिच्या हेल्मेटमध्ये कमी आणि तिच्या मागून येणाऱ्या माणसाच्या उजव्या मुठीत जास्त आहे. आणि सकाळी पावणेसात वाजता शाळेच्या रस्त्यावर तिच्या मागून येणारा माणूस बहुतेक वेळा कोण असतो? दुसऱ्या एखाद्या मुलाला शाळेत सोडायला निघालेली आई किंवा बाबा. मुलांनी सायकलने शाळेत जावं असं आपल्याला खरंच वाटत असेल, तर कामाची सुरुवात मुलांपासून होत नाही. शाळेभोवतीचा एक किलोमीटर आपण मोठ्यांनी सावकाश करायचा, ही पहिली पायरी आहे.

सावकाश म्हणजे किती, यालाही उत्तर आहे. ताशी 30 किलोमीटर. फेब्रुवारी 2020 मध्ये स्टॉकहोमला रस्ता सुरक्षेवर जागतिक परिषद झाली. पायी आणि सायकलने जाणारी माणसं जिथे वाहनांबरोबर एकाच रस्त्यावर असतात, तिथे कमाल वेग 30 असावा, असं तिथल्या जाहीरनाम्यात लिहिलं आहे. हा आकडा हवेतून आलेला नाही. ताशी 30 ने जाणारी गाडी एका सेकंदात सव्वाआठ मीटर जाते, 50 ने जाणारी जवळपास 14. समोर मूल दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. म्हणजे पहिली गाडी जिथे वेग कमी करायला लागते, तिथून आणखी साडेपाच मीटर पुढे जाईपर्यंत दुसरीचा ब्रेक लागलेलाच नसतो. धडक झालीच तर आदळण्याची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, 30 च्या मानाने 50 ला पावणेतीनपट. आणि या सगळ्याच्या बदल्यात आपण वाचवतो काय? एक किलोमीटर 30 ने गेलं तर 120 सेकंद लागतात, 50 ने गेलं तर 72. अठ्ठेचाळीस सेकंद. घरून डबा पाच मिनिटं आधी भरला तर हा हिशेब मिटतो.

देशात 2022 मध्ये रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांत अठरा वर्षांखालची मुलं साडेनऊ हजारांच्या आसपास होती. हे आकडे पालकांना माहीत नसले तरी त्यांची भीती सगळ्यांच्या पोटात असते, आणि त्या भीतीपोटीच आपण मुलांना स्कूटरवर मागे बसवून शाळेत सोडतो. मीही पाच वर्षं सोडलं. पण एक मूल सोडायला एक स्कूटर, दुसरं सोडायला एक कार असं करत करत शाळेच्या फाटकासमोर जी गर्दी होते, तीच पायी आणि सायकलने येणाऱ्या उरल्यासुरल्या मुलांना घाबरवते. मग त्यांचेही आईबाप म्हणतात, नको बाई, आपणच सोडू. भीती खरी आहे, पण तिला खतपाणी आपणच घालतो.

आमच्या मुलीच्या शाळेचं फाटक सकाळी 6:50 ते 7:05 या पंधरा मिनिटांत बघावं. रस्त्याच्या पलीकडे कार उभी राहते, मूल उजव्या दाराने उतरतं, म्हणजे भर रस्त्यात. एक स्कूटर फाटकाच्या अगदी तोंडाशी वळते, कारण मुलाला वीस पावलंसुद्धा चालायला लागू नयेत. मागे स्कूल बस खोळंबलेली, तिच्या मागे ऑटो, आणि ऑटोत दहा-बारा दप्तरं लटकलेली. या सगळ्यात दोन-तीन सायकली असतात. मुलं खाली उतरून, सायकल हातात धरून, आरशांना हँडल लागणार नाही इतक्या बेताने आत शिरतात. घरापासून फाटकापर्यंतच्या सगळ्या वाटेत सर्वात धोक्याचे असतात ते हे शेवटचे शंभर मीटर.

लंडनमध्ये शेकडो शाळांसमोरचा रस्ता शाळा भरताना आणि सुटताना मोटारींना बंद असतो. आपल्याकडे कायदा आडवा येतो असंही नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 112 वेगमर्यादा ठरवण्याचा आणि कलम 115 एखाद्या रस्त्यावर वाहनांना मज्जाव करण्याचा अधिकार देतं. वाहतूक पोलिसांच्या अधिसूचना आपण मिरवणुकांच्या दिवशी वाचतोच. एका शाळेसमोरच्या शंभर मीटरसाठी, सकाळची वीस मिनिटं आणि दुपारची वीस मिनिटं, तसाच आदेश निघू शकतो. ज्यांना कारनेच यायचं आहे त्यांनी चौकात थांबावं आणि मुलाला तेवढं चालू द्यावं.

आता कुणी म्हणेल, सायकलचा एवढा हट्ट कशाला? व्यायाम होतो, पेट्रोल वाचतं, धूर कमी होतो, हे शाळेच्या निबंधातही असतं आणि ते खरंच आहे, मी ते पुन्हा सांगत बसत नाही. मला नागपूरपुरतं एक वेगळंच कारण फार महत्त्वाचं वाटतं.

आपली मुलं आठवीपर्यंत मागच्या सीटवर बसतात. मग नववी-दहावीला ट्यूशन सुरू होते, संध्याकाळी बर्डीला एक क्लास, धरमपेठेत दुसरा, आणि एक दिवस घरातली गाडी मुलाच्या हातात येते. पंधराव्या वर्षी. गिअर नसलेली आहे ना, हळूच चालवतो ना, असं म्हणून. 2019 च्या दुरुस्तीने कायद्यात कलम 199अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला 25 हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. एवढं असूनही कोणत्याही ट्यूशन क्लासखाली संध्याकाळी उभ्या असलेल्या गाड्या बघा. या मुलांनी रस्ता कधी वाचलेलाच नसतो. समोरच्या बसचा चालक आपल्याला बघतोय की नाही, चौकात कोण आधी जाणार, उभ्या रिक्षाच्या आडून कोण निघेल, हे ओळखायला शिकण्याचं वय दहा ते चौदा आणि शिकण्याचा वेग ताशी बारा ते पंधरा. सायकलवर झालेली चूक गुडघा सोलते. तीच चूक ताशी 50 ला काय करते, ते मेडिकल कॉलेजच्या अपघात विभागात काम करणाऱ्या कुणालाही विचारावं. मागच्या सीटवरून थेट अ‍ॅक्सिलरेटरवर बसलेली पिढी आपण घडवतो आहोत, आणि मला रात्री झोप लागत नाही ती या विचाराने.

खरं तर सायकलसाठी नागपूरसारखं शहर शोधून सापडायचं नाही. सेमिनरी हिल्सचा चढ आणि तुरळक उंचवटे सोडले तर गाव सपाट. रस्ते पुण्यापेक्षा पुष्कळ रुंद. सिव्हिल लाइन्स, रामदासपेठ, लक्ष्मीनगर, बजाजनगर इथे आतल्या रस्त्यांवर सावली आहे. शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असं शेजारचं माप ठरलेलं आहे. तीन किलोमीटर म्हणजे मुलाच्या सायकलने पंधरा मिनिटं. वर्धा रोडवर एकाच खांबांवर खाली उड्डाणपूल आणि वर मेट्रो असा 3.14 किलोमीटरचा दुमजली पूल या शहराने उभा केला, त्याचा जागतिक विक्रम नोंदवला गेला. जे शहर हे करू शकतं, त्याला शाळेसमोरचा रस्ता पदपथाच्या उंचीला आणून गाड्यांचा वेग मोडणं जड जाणार नाही. इच्छा हवी.

इच्छा एकदा दिसलीही होती. 2020 मध्ये केंद्राच्या ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ या स्पर्धेत नागपूर उतरलं आणि पुढे निवडलेल्या 11 शहरांत आलं. मला त्याचा अभिमान आहे. पण सायकलसाठी रस्त्यावर रंगवलेल्या पट्ट्याचं पुढे काय होतं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पहिल्या वर्षी रंग, दुसऱ्या वर्षी त्यावर उभ्या कार, तिसऱ्या वर्षी पाणीपुरीची गाडी. गाडीवाल्याचं पोट त्यावर आहे, त्याला दोष देऊन काय होणार? नुसता रंग कुणालाही अडवत नाही. चार इंच उंचीचा दगडी काठ अडवतो. आणि त्याहून महत्त्वाचं, हे पट्टे तलावाभोवती फिरायला जाणाऱ्या मोठ्यांच्या रविवारसाठी आखले जातात. बाराशे मुलांच्या शाळेपासून तिच्या आसपासच्या वस्त्यांपर्यंत जाणारा पट्टा मला या गावात अजून दिसलेला नाही.

युरोपातलं आपल्याकडे कुठे चालतं, हे वाक्य मी फार ऐकते. नेदरलँड्सची मुलं आज बिनधास्त सायकलने शाळेत जातात म्हणून ते जन्मजात तसेच होते असं आपण धरून चालतो. तसं नव्हतं. साठच्या दशकात तिथेही मोटारी वाढल्या, रस्ते त्यांना मोकळे करून दिले गेले. 1971 या एका वर्षात त्या चिमुकल्या देशात सुमारे 3,300 माणसं रस्त्यावर गेली आणि त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. एका पत्रकाराची मुलगी गेली, त्याने लिहिलं, आणि त्यातून ‘मुलांची हत्या थांबवा’ याच नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप रस्त्यावर उतरले, रस्त्यात बसले. तेलाची टंचाई आली तेव्हा मोटारींविना रविवार पाळले गेले. आजचे रस्ते त्या भांडणातून आले. तिथल्या प्राथमिक शाळेत मुलांची रहदारीची परीक्षा होते, त्यात खऱ्या रस्त्यावर सायकल चालवून दाखवावी लागते. आपल्याकडे चित्रकलेच्या ग्रेडची परीक्षा होते, तशी ही का नसावी?

आता आक्षेप. पहिला ऊन, आणि तो खरा आहे. आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, म्हणूनच विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. मार्च लागला की दुपारी बाराला सायकलवर घरी येणं हा मुलावर अन्याय आहे. मग तेवढे दिवस येऊ नये. सायकल म्हणजे व्रत नाही, मोडलं तर पाप लागायला. जुलै ते फेब्रुवारी आठ महिने उरतात.

दुसरा आक्षेप अंतराचा. हिंगणा रोडला घर आणि कोराडी रोडला शाळा, अशा मुलाला सायकल सुचवणारा माणूस मुलाचा शत्रूच म्हणावा लागेल. त्याच्यासाठी चांगली स्कूल बस हवी. पण प्रत्येक वर्गात काही मुलं दोन-तीन किलोमीटरच्या आत राहणारी असतातच, आणि तीही स्कूटरवर येतात.

तिसरा आक्षेप हलक्या आवाजात येतो. "पोट्टीला एकटीला कसं पाठवू बापा?" आमच्या शेजारच्या काकू मला हे थेट म्हणाल्या, आणि मी त्यांना हसण्यावारी नेलं नाही. सातवी-आठवीतल्या मुलीमागे बाइकवरून घिरट्या घालणारे याच शहरात आहेत. पण मुलगी घरात बसवून किंवा भावाच्या गाडीला बांधून हा प्रश्न सुटलेला कधी ऐकला आहे का? बिहारने 2006 मध्ये नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. नंतर अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी जवळपास एक तृतीयांशाने वाढलेली दिसली. मुली घोळक्याने सायकलवर निघाल्या, रस्त्यावर त्यांची संख्या दिसायला लागली. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. खेड्यातली मुलगी पाच किलोमीटर जाते आणि त्रिमूर्तीनगरातली दोन किलोमीटर जाऊ शकत नाही, हे मला पटत नाही. एकटीने जाऊ नये, एवढं मात्र मला पटतं.

म्हणून आम्ही दिंडी काढली. नाव मुलांनीच ठेवलं. पुढे एक मोठं माणूस, मागे एक मोठं माणूस, मध्ये मुलं एकामागोमाग एक. ठरलेली वाट, ठरलेली वेळ, ठरलेले थांबे. अमुक घरासमोर 6:25, मंदिराजवळ 6:30, असं. जो वेळेवर येईल तो सामील. पहिल्या आठवड्यात चार मुलं होती, आता अकरा आहेत. अकरा सायकलींच्या ओळीला कारवाला हॉर्न मारत नाही. एकट्या मुलीला तोच मारतो.

दिंडी निघण्याआधी सहा रविवार मैदानावर गेले, ते मला फार मोलाचे वाटतात. आधी सायकली तपासल्या. निम्म्या सायकली मुलांना मोठ्या होत्या. कपड्यांसारखं ‘वाढत्या अंगाचं’ बघून घेतलेल्या. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकत नाहीत ती सायकल त्या मुलाची नाहीच. दोन सायकलींचे मागचे ब्रेक शू पार झिजलेले, एकीला मडगार्डच नव्हतं आणि त्याच्याबरोबर मागचा लाल रिफ्लेक्टरही गेलेला. जानेवारीत आपल्याकडे सूर्य पावणेसातनंतर उगवतो, म्हणजे मुलं निघतात तेव्हा अंधार असतो. लाल दिवा मागे हवाच. चौकातल्या सायकलवाल्या भाऊंनी सगळं दोन रविवारांत करून दिलं आणि दप्तरं कॅरियरला बांधायला जुन्या ट्यूबचे पट्टे फुकट दिले. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर असू नये हे सरकारचं धोरण आहे. प्रत्यक्षात ते पाठीवर असलं की मागे वळून बघताना मुलाचा तोल जातो, हे आम्ही मैदानात पाहिलं.

मागे वळून बघणं हेच शिकवायला सगळ्यात कठीण. मान वळवली की हँडल वळतं. मी मागे उभी राहून बोटं वर करायची आणि मुलाने सरळ रेषेत चालवता चालवता किती बोटं ते ओरडून सांगायचं. तिसऱ्या रविवारी माझ्या मुलीला ते जमलं, तेव्हा मला ती पहिल्यांदा चालली त्या दिवसासारखा आनंद झाला. मग हात दाखवून वळणं. मग मोठ्या गाडीची डावी बाजू. बस डावीकडे वळताना तिचं मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आतून येतं आणि चालकाला तिथलं काही दिसत नाही. आम्ही खडूने जमिनीवर बस आखली आणि कुठे उभं राहायचं नाही ते मुलांनी त्यात उभं राहून बघितलं. आणि मोकाट कुत्री. पळायचं नाही. खाली उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरायची, शांत उभं राहायचं. हे शाळेच्या पीटीच्या तासाला सहज शिकवता येईल.

हेल्मेट घालावंच. पण ते तपासलं जातं साधारण ताशी 20 च्या वेगाने डोकं आपटण्यासाठी. टँकरसमोर त्याचा उपयोग नाही, आणि मुलाला हेल्मेट दिलं म्हणजे आपली जबाबदारी संपली असं समजणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

लहानांबद्दल एक सांगायचं राहिलं. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. झोपेसाठी ते चांगलंच झालं, पण त्यामुळे सर्वात लहान मुलं ऑफिसच्या ऐन गर्दीत रस्त्यावर येतात. त्यांना अजून सायकल देऊ नये असं माझं मत आहे. त्यांची पायी दिंडी निघू शकते.

आमच्या शाळेला एक मागचं फाटक आहे. ते शांत गल्लीत उघडतं, पण तिथे बसायला माणूस नाही म्हणून कित्येक वर्षं कुलूप लावलेलं होतं. पालकसभेत आम्ही ते सायकलवाल्या मुलांसाठी मागितलं. दोनदा नकार आला. तिसऱ्या वेळी आम्ही पालकांच्या पाळ्यांचा तक्ता लिहूनच नेला, कोण कोणत्या वारी उभं राहणार. आता सकाळी 6:40 ते 7:00 ते फाटक उघडतं. मंगळवारची पाळी माझी आहे. मागच्या मंगळवारी शेजारच्या काकू त्यांच्या सहावीतल्या नातीला घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, नुसत्या सायकली मोजत होत्या. जाताना विचारलं, "तुमची ती दिंडी आमच्या घरावरून किती वाजता जाते?"